विश्लेषण : बूस्टर बेकायदा, मग घरातल्या सिग्नलची जबाबदारी कोणाची?

बंगळुरू : देशाची माहिती-तंत्रज्ञान राजधानी म्हणून मिरवणाऱ्या या शहरात मोबाइलची रेंज शोधत बाल्कनीकडे धावणारा माणूस हे आता नवलाचे दृश्य राहिलेले नाही. व्हाइटफील्ड, सर्जापूर रस्ता, आउटर रिंग रोड, इलेक्ट्रॉनिक सिटी या पट्ट्यांतील उंच गृहसंकुलांत आणि काचेच्या कार्यालयांत एकच तक्रार वारंवार ऐकू येते. प्रवेशद्वारापाशी इंटरनेट वेगाने चालते. लिफ्टचे दार मिटताच संभाषण तुटते. तळघरातील वाहनतळावर फोन निर्जीव होतो. आणि बँकेचा ओटीपी मुदत संपल्यावर हाती पडतो.

या त्रासावर बाजाराने एक सोपे उत्तर शोधले आहे. काही हजार रुपयांना मिळणारा ‘सिग्नल बूस्टर’ गच्चीवर आणि जिन्यात बसवला की काम झाले, असे विक्रेता सांगतो. सोसायटीची समिती ठराव करते, विद्युत कारागीर येतो आणि दोन तासांत फोनवर रेंजच्या सर्व दांड्या दिसू लागतात. आपण कायदा मोडला आहे, हे बहुतेकांना ठाऊकही नसते.

खासगी बूस्टरवरील बंदी तांत्रिकदृष्ट्या योग्य आहे. मात्र रहिवाशाला स्वतः उपाय करण्यास मनाई करणाऱ्या व्यवस्थेने इमारतीच्या आत सिग्नल पोहोचवण्याचे बंधन कोणावरही स्पष्टपणे टाकलेले नाही. दूरसंचार कंपनीची जबाबदारी रस्त्यावर संपते, विकासकाची ताबा देताना संपते आणि गैरसोय रहिवाशाच्या वाट्याला उरते. बंगळुरूमध्ये आज ठळकपणे दिसणारा हा पेच पुणे, ठाणे, नवी मुंबई, हैदराबाद आणि गुरुग्राम येथेही तितकाच खरा आहे.

भिंत नवी, लहर नाजूक

इमारतीत सिग्नल न पोहोचण्याचे पहिले कारण इमारतच आहे. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारशींमध्ये रेडिओलहरींच्या दृष्टीने इमारतींचे दोन गट मानले आहेत : पारंपरिक आणि उष्णतारोधक. विटांच्या भिंती आणि साध्या काचा असलेल्या जुन्या घरात लहर क्षीण होते, पण शिरते. नव्या इमारतींच्या काचांवर मात्र उष्णता परतवण्यासाठी धातूचा अतिशय पातळ थर दिलेला असतो. तो वातानुकूलनाचे वीजबिल कमी करतो आणि इमारतीला ‘हरित’ प्रमाणपत्र मिळण्यासही मदत करतो. पण सूर्याची उष्णता परतवणारा हा थर मोबाइलच्या लहरीही परतवतो. अशा काचेतून आत येणाऱ्या सिग्नलची शक्ती शंभर ते हजार पटींनी घटू शकते. त्यात पोलादी सळ्यांचे दाट काँक्रीट आणि लिफ्टची धातूची पेटी यांची भर पडते.

दुसरे कारण लहरींचे आहे. वारंवारिता जितकी कमी, तितकी लहर भिंती अधिक सहजपणे भेदते. दुसऱ्या पिढीच्या सेवेसाठी वापरला गेलेला ९०० मेगाहर्ट्‌झचा पट्टा या बाबतीत सोयीचा होता. १ ऑक्टोबर २०२२ रोजी देशात ५ जी सेवा सुरू झाली, ती मोठ्या प्रमाणावर ३३०० मेगाहर्ट्‌झच्या पट्ट्यावर. हा पट्टा वेग देतो. भिंत भेदण्यात मात्र तो कमी पडतो. म्हणजे इमारती अधिक अभेद्य होत असतानाच लहरी अधिक नाजूक झाल्या.

तिसरे कारण उंचीचे आहे. मनोऱ्यांवरील अँटेना रस्त्याकडे आणि लहान इमारतींकडे किंचित झुकवलेले असतात. पंचविसाव्या मजल्यावर त्यामुळे एका जवळच्या मनोऱ्याचा ठाम सिग्नल मिळण्याऐवजी दूरच्या अनेक मनोऱ्यांचे सिग्नल एकाच वेळी येऊन एकमेकांत मिसळतात. फोनवर दांड्या पूर्ण दिसतात, तरी आवाज तुटतो. तळघरात सिग्नल नसतो, तर वरच्या मजल्यावर नको तितके असतात. दोन्ही ठिकाणची तक्रार एकाच शब्दात मांडली जाते : ‘रेंज नाही.’

बूस्टर का वर्ज्य?

बूस्टरची रचना साधी असते. बाहेरचा अँटेना मनोऱ्याचा सिग्नल पकडतो, मधला वर्धक तो मोठा करतो आणि आतला अँटेना तो पसरवतो. फोनकडून मनोऱ्याकडे जाणारा सिग्नलही याच वाटेने मोठा होऊन बाहेर पडतो. खरी अडचण या परतीच्या प्रवासात आहे.

स्वस्त वर्धक सिग्नलबरोबर गोंगाटही वाढवतो. मनोऱ्यावरील ग्राहक यंत्र दूरवरच्या फोनची अत्यंत क्षीण हाक ऐकण्यासाठी बनवलेले असते. त्याच्या कानाशी कोणी सतत भोंगा वाजवला, तर ती हाक बुडून जाते. एका इमारतीत बूस्टर लागला की तेथील दांड्या वाढतात आणि शेजारच्या दोन गल्ल्यांतील संभाषणे तुटू लागतात. बाहेरचा व आतला अँटेना पुरेशा अंतरावर नसतील, तर ध्वनिक्षेपकासमोर मायक्रोफोन धरल्यावर कर्कश शिट्टी वाजते, तसाच प्रकार रेडिओलहरींत होतो आणि संपूर्ण परिसराची सेवा विस्कळीत होऊ शकते. शिवाय असा वर्धक कोणत्याही एका कंपनीपुरता मर्यादित राहत नाही. तो ज्या पट्ट्यासाठी बनवला आहे, त्यातील सर्वच लहरी फुगवतो. त्या लहरींसाठी कंपन्यांनी लिलावात मोठ्या रकमा मोजलेल्या असतात.

म्हणूनच दूरसंचार विभागाने जुलै २०२२ मध्ये नागरिकांसाठी सूचना काढून स्पष्ट केले की, परवानाधारक दूरसंचार कंपन्यांखेरीज कोणत्याही व्यक्तीने वा संस्थेने मोबाइल बूस्टर किंवा रिपीटर बाळगणे, विकणे अथवा वापरणे बेकायदा आहे. या मनाईचे मूळ १९३३ च्या भारतीय बिनतारी संदेशवहन कायद्यात आहे. बिनतारी उपकरण बाळगण्यासाठी परवाना हवा, हे तत्त्व त्या कायद्याने घालून दिले. २०२३ च्या दूरसंचार कायद्यातही रेडिओ उपकरण बाळगण्यासाठी सरकारी अधिकृततेची अट ठेवण्यात आली आहे. लहरींवर देखरेख ठेवणारी केंद्राची वायरलेस मॉनिटरिंग ऑर्गनायझेशन तक्रार आल्यावर दिशाशोधक यंत्रे घेऊन अशा बूस्टरचा माग काढते. जालन्यातील उपग्रह संदेश निरीक्षण केंद्र चालवणारी यंत्रणा ती हीच.

मापनाची पट्टी उंबरठ्यापाशीच थांबते

मग कायदा पाळणाऱ्या रहिवाशाने करायचे काय? या प्रश्नाचे उत्तर नियमांत शोधू गेल्यास निराशा होते. कंपन्यांच्या परवान्यांतील जाळेविस्ताराच्या अटी ‘रस्ता पातळीवरील’ सिग्नलच्या भाषेत लिहिल्या आहेत आणि त्यांची तपासणी प्रामुख्याने वाहनातून रस्त्यांवर फिरून होते. भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाने (ट्राय) ऑगस्ट २०२४ मध्ये सेवा-गुणवत्तेचे नवे विनियम जारी केले आणि ते त्याच वर्षी १ ऑक्टोबरपासून लागू झाले. कंपन्यांनी आपल्या सेवाव्याप्तीचे नकाशे संकेतस्थळावर प्रसिद्ध करावेत, ही त्यांतील तरतूद स्वागतार्ह आहे. अलीकडच्या चाचण्यांत रुग्णालये, रेल्वे स्थानके यांसारख्या वर्दळीच्या ठिकाणी चालत जाऊन मोजणीही केली जाते. परंतु नकाशावर हिरव्या दिसणाऱ्या भागातील चौदाव्या मजल्यावरच्या शयनगृहात फोन लागतो का, हे कोणताही निकष विचारत नाही.

मोबाइलचा वापर रस्त्यावर व्हायचा, त्या काळी ही पट्टी पुरेशी होती. आज डेटाचा बहुतांश वापर घरात आणि कार्यालयात होतो, हे ट्रायनेच आपल्या दस्तऐवजांत वेळोवेळी नोंदवले आहे. गॅस सिलिंडर घेताना सांकेतिक क्रमांक द्यावा लागतो, तळघरातील किराणा दुकानातही पैसे यूपीआयने दिले जातात आणि लिफ्टमध्ये अडकलेल्या वृद्धाला ११२ हा क्रमांक लावायचा असतो. या सर्व व्यवहारांची जागा इमारतीच्या आत आहे. सेवा जेथे वापरली जाते तेथे तिचे मोजमाप होत नसेल, तर निकष पूर्ण झाल्याचा दावा कागदोपत्री खरा ठरूनही अनुभवात खोटा ठरतो.

योग्य मार्ग आणि त्याच्या दारातील पहारेकरी

मोठ्या इमारतीसाठी वैध आणि टिकाऊ मार्ग उपलब्ध आहे. तळमजल्यावरील एखाद्या खोलीत दूरसंचार कंपनी आपले प्रक्षेपण केंद्र बसवते. तेथून तारांचे जाळे उभ्या नलिकांमधून मजल्यामजल्यावर जाते आणि छतावरील लहान पांढऱ्या घुमटासारख्या अँटेनांतून अल्पशक्तीचा सिग्नल पसरतो. संकुल मोठे असल्यास समाक्ष तारेऐवजी प्रकाशतंतू वापरून दूरच्या इमारतींत उपकेंद्रे ठेवली जातात. लिफ्टच्या पोकळीत स्वतंत्र अँटेना बसवता येतो. ही यंत्रणा बाहेरचा क्षीण सिग्नल नुसता फुगवत नाही. ती इमारतीत मूळ सिग्नलच आणते. त्यामुळे शेजाऱ्याला उपद्रव होत नाही आणि बाहेरच्या मनोऱ्यावरील भारही हलका होतो.

एकाच तारांच्या जाळ्यावर सर्व कंपन्यांचे सिग्नल एकत्र सोडणे तांत्रिकदृष्ट्या सहज शक्य आहे. म्हणजे प्रत्येक कंपनीने स्वतंत्र तारा ओढण्याची गरज नाही. अडथळा व्यवहाराचा आहे. विकासक खोलीचे भाडे, विजेचा दर आणि प्रवेशशुल्क मागतो. कंपनी म्हणते, आम्ही तुमच्याच रहिवाशांना सेवा देत आहोत, मग भाडे कशाचे? काही ठिकाणी विकासक एकाच कंपनीशी किंवा मध्यस्थाशी अनन्य करार करून मोकळा होतो. मग दुसऱ्या कंपनीचा ग्राहक स्वतःच्या घरात परका ठरतो. त्याला क्रमांक दुसऱ्या कंपनीकडे वळवण्याचा हक्क आहे. परंतु इमारतच एका कंपनीच्या हाती असेल, तर त्या हक्काला फारसा अर्थ उरत नाही.

या धोक्याची जाणीव नियामकाला नव्हती असे नाही. जानेवारी २०१७ मध्ये ट्रायने इमारतींच्या आत कंपन्यांना भेदभावरहित प्रवेश मिळावा, अनन्य करारांना वाव नसावा आणि यंत्रणा सामायिक असावी, अशा शिफारशी केल्या होत्या. ऑगस्ट २०२३ मध्ये केवळ अशी पायाभूत यंत्रणा उभारून ती सर्व कंपन्यांना देणाऱ्यांसाठी स्वतंत्र अधिकृतता असावी, असेही तिने सुचवले. दिशा योग्य होती. अंमलबजावणीची गती मात्र इमारती उभ्या राहण्याच्या गतीपेक्षा कितीतरी मंद राहिली.

मुंबईच्या भुयारातील धडा

मध्यस्थ आणि कंपन्या यांच्यातील ताणाची किंमत कोण मोजतो, हे मराठी वाचकांनी जवळून पाहिले आहे. मुंबईतील मेट्रो-३, म्हणजेच ३३.५ किलोमीटरची ‘अ‍ॅक्वा’ मार्गिका, ऑक्टोबर २०२४ पासून टप्प्याटप्प्याने सुरू झाली आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये पूर्ण झाली. जवळजवळ संपूर्ण भुयारी असलेल्या या मार्गावर प्रवाशांना मोबाइल सिग्नल मिळत नव्हता. मेट्रो प्रशासनाने भुयारातील यंत्रणेचे काम त्रयस्थ कंपनीकडे सोपवले होते. दूरसंचार कंपन्यांनी तिच्या दरांवर आक्षेप घेतला आणि आपण स्वतः सामायिक यंत्रणा उभारू, परवानगी द्या, अशी मागणी केली. दोन्ही बाजूंचे युक्तिवाद कागदावर सबळ होते. तिकीट काढणारा प्रवासी मात्र फलाटावरील वायफायचा आधार शोधत राहिला.

बंगळुरूने हा धडा वेळीच घ्यावा. येथील मेट्रोचा पहिला भुयारी टप्पा एप्रिल २०१६ अखेर खुला झाला आणि डेअरी सर्कल ते नागवार हा पिंक लाइनचा भुयारी भाग १३ किलोमीटरहून लांब आहे. सार्वजनिक मालमत्तेवर दूरसंचार यंत्रणेला भेदभाव न करता मार्गाधिकार द्यावा, हे तत्त्व नव्या कायद्यात आणि १ जानेवारी २०२५ पासून लागू झालेल्या मार्गाधिकार नियमांत आहे. खासगी संकुलांबाबत मात्र सारे काही मुख्यतः परस्पर करारावर अवलंबून राहते आणि त्या करारात रहिवासी बहुधा पक्षकारच नसतो.

तारांकित इमारती

ट्रायने ऑक्टोबर २०२४ मध्ये आणलेले मालमत्तांच्या डिजिटल जोडणीच्या मानांकनाचे विनियम या कोंडीवरचा पहिला ठोस प्रयत्न म्हणावा लागेल. प्रकाशतंतूची उपलब्धता, इमारतीच्या आतील मोबाइल सेवा, वायफाय आणि प्रत्यक्ष वापराचा अनुभव अशा कसोट्यांवर मान्यताप्राप्त संस्था इमारतीला तारे देतील. वीजबचतीचे तारे पाहून वातानुकूलन यंत्र घेणारा ग्राहक उद्या जोडणीचे तारे पाहून घर घेईल, ही यामागील कल्पना आहे. मूल्यमापनाची कार्यपुस्तिका ऑगस्ट २०२५ मध्ये प्रसिद्ध झाली.

योजनेची मर्यादाही उघड आहे. मानांकनासाठी मालमत्ताधारकाने स्वतःहून पुढे यावे लागते. चांगली इमारत तारे मिरवील. वाईट इमारत गप्प बसेल. जुन्या संकुलांतील रहिवाशांना तर या ताऱ्यांचा थेट लाभ नाही. म्हणून मानांकनाची सांगड बांधकाम परवानगीशी घालणे आवश्यक आहे. केंद्राने २०२२ मध्ये आदर्श इमारत उपविधींना परिशिष्ट जोडून दूरसंचारासाठी खोली, उभ्या नलिका आणि वीजपुरवठा यांची तरतूद सुचवली. परंतु आदर्श उपविधी बंधनकारक नसतात. राज्यांनी ते स्वीकारावे लागतात. बंगळुरूमध्ये सप्टेंबर २०२५ पासून जुन्या महापालिकेच्या जागी ग्रेटर बंगळुरू प्राधिकरणाच्या छत्राखाली पाच महापालिका आल्या आहेत. नवे प्रशासन नियमांची घडी बसवत असताना अग्निशमनाच्या आणि लिफ्टच्या अटींप्रमाणेच सामायिक दूरसंचार यंत्रणेची अट घालणे त्याला अवघड नाही. नकाशा मंजुरीच्या वेळी एक खोली आणि एक नलिका राखून ठेवण्याचा खर्च किरकोळ असतो. लोक राहायला आल्यावर छत फोडून तीच सोय करण्याचा खर्च अनेक पटींनी वाढतो.

परदेशांनी काय केले?

अमेरिकेच्या संघीय दूरसंचार आयोगाने २०१३ मध्ये बूस्टरसाठी जाळेसंरक्षणाची मानके ठरवली. गोंगाट वाढला तर आपोआप शक्ती कमी करणारे किंवा बंद होणारे प्रमाणित उपकरणच विकता येते आणि ग्राहकाने त्याची नोंद आपल्या सेवाकंपनीकडे करावी लागते. ब्रिटनने २०१८ मध्ये घरात स्थिर ठेवायच्या, एका वेळी एकाच कंपनीचा सिग्नल वाढवणाऱ्या प्रमाणित रिपीटरना परवान्यातून सूट दिली. सिंगापूरने वेगळा मार्ग निवडला : मोबाइल यंत्रणेसाठी विनाभाडे जागा देणे हे विकासकांचे कर्तव्यच ठरवले.

भारतातील दाट वस्ती पाहता अमेरिकेचा मार्ग जसाच्या तसा उचलणे धोक्याचे ठरेल. एका चौरस किलोमीटरमध्ये शेकडो बूस्टर लागले, तर प्रमाणित उपकरणेही एकत्रितपणे गोंगाट वाढवतील. मोठ्या संकुलांसाठी सिंगापूरचा मार्ग आपल्याला अधिक जवळचा आहे. लहान घरे आणि दुकानांसाठी मात्र ब्रिटनप्रमाणे प्रमाणित, एका कंपनीपुरते आणि कंपनीच्याच नोंदीतून दिले जाणारे उपकरण हा पर्याय दूरसंचार विभागाने तपासून पाहायला हरकत नाही. वैध पर्याय नसला की बंदी असलेल्या वस्तूचा बाजार बंद होत नाही. तो फक्त दुकानाच्या मागच्या बाजूला सरकतो.

रहिवाशांचाही वाटा

या प्रश्नात रहिवासी केवळ बळी नाहीत. अनेक संकुलांची समिती एका बैठकीत रेंज नसल्याची तक्रार नोंदवते आणि पुढच्याच बैठकीत गच्चीवरील अँटेनाला किरणोत्सर्गाच्या भीतीपोटी नकार देते. भारताने सप्टेंबर २०१२ पासून मनोऱ्यांच्या उत्सर्जनाची मर्यादा आंतरराष्ट्रीय मानकाच्या एक दशांश इतकी कडक ठेवली आहे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे सिग्नल क्षीण असेल, तेव्हा कानाला लावलेला फोन मनोऱ्यापर्यंत पोहोचण्यासाठी अधिक शक्तीने प्रक्षेपण करतो. छतावरचा अल्पशक्तीचा अँटेना जवळ असेल, तर फोनला तशी धडपड करावी लागत नाही. म्हणजे भीतीपोटी नाकारलेली यंत्रणाच डोक्याजवळचे उत्सर्जन कमी करणारी असते.

कायदा बदलेपर्यंत संकुलांना काही गोष्टी करता येतील. प्रत्येक मजल्यावर, तळघरात आणि लिफ्टमध्ये कोणत्या कंपनीचा सिग्नल कसा आहे, याची तारीखवार नोंद ठेवावी. ‘रेंज नाही’ या मोघम तक्रारीपेक्षा असा तक्ता कंपनीला टाळता येत नाही. सर्व कंपन्यांना एकाच वेळी लेखी अर्ज द्यावा आणि दाद न मिळाल्यास कंपनीच्या अपील प्राधिकाऱ्याकडे जावे. करार करताना तो अनन्य नसावा, यंत्रणा इतर कंपन्यांना खुली असावी, विजेचा मीटर वेगळा असावा आणि करार संपल्यावर तारांची मालकी कोणाकडे राहील हे लिहिलेले असावे. घरात ब्रॉडबँड असल्यास २०१९-२० पासून उपलब्ध झालेली वायफाय कॉलिंगची सोय तात्पुरता दिलासा देते. मात्र वीज गेली, राउटर बंद पडला किंवा पाहुण्याला संकेतशब्द ठाऊक नसला की तीही निरुपयोगी ठरते. संकटकाळी नेमकी वीज जाते, हे विसरून चालणार नाही.

पाणी, वीज आणि लिफ्ट या सोयी एकेकाळी चैनीच्या होत्या. पुढे त्या बांधकाम नियमांचा भाग झाल्या. पाणी पुरत नाही म्हणून प्रत्येक रहिवाशाने मुख्य जलवाहिनीला पंप लावू नये, हा नियम आपल्याला पटतो, कारण त्यासोबत इमारतीला सामायिक टाकी आणि नळजोडणी मिळते. बूस्टरवरील बंदीला तसाच नैतिक आधार हवा असेल, तर सामायिक यंत्रणेचे बंधन विकासकावर, ती भेदभावाविना वापरण्याचे बंधन कंपन्यांवर आणि आतल्या सिग्नलचे मोजमाप करण्याचे बंधन नियामकावर असले पाहिजे. तोवर बंगळुरूतील बाल्कन्यांमध्ये रेंज शोधणारी माणसे उभी दिसतील, आणि त्यांच्यापैकी कोणीतरी निमूटपणे बूस्टरची चौकशी करत असेल.